पलीकडून कोणी बोलतं का

मंगळवार, ४ मार्च

आलं! पत्र आलं! जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या जिन्यात उभी राहून तीनदा वाचलं. माझा दात त्यांना आवडला — फेब्रुवारीत नमुना म्हणून करून पाठवला होता तो, वरचा, पुढचा, डावा. "हाताची सफाई उत्तम. आमचा सिरॅमिक विभाग सांभाळायला या." परदेशातली दातांची लॅब, नकाशातसुद्धा शोधावं लागलेलं शहर, आणि मी! सतरा वर्षं लोकांच्या तोंडातले दात घडवतेय, आज स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दाखवत फिरले. शिपाई म्हणाला, "काय ताई, लॉटरी लागली का?"

३१ मार्चच्या आत हो की नाही ते कळवायचं. त्याआधी वाटलं तर आठवडाभर येऊन काम करा, शहर बघा, तिकिटं आम्ही काढतो. दोघांची!

नवऱ्याला स्कूटरवरच सांगितलं, मागे बसून, कानात ओरडून. त्याने गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढलं. मला वाटलं, आता भर रस्त्यात मिठी मारतो की काय. तर म्हणतो, "तिथल्या बिल्डिंगी किती मजली आहेत?"

लिफ्ट-इन्स्पेक्टरशी लग्न केल्यावर दुसरं काय होणार!

बुधवार, ५ मार्च

फ्रिजवर तक्ता लागला. इन्स्पेक्टरसाहेबांनी पट्टी घेऊन रेघा मारल्यात. दोन रकाने — 'इथे' आणि 'तिथे'. तीन ओळी — सुरक्षितता, खर्च, राहणीमान. प्रत्येकाला दहापैकी गुण. ऐकीव माहितीवर गुण द्यायचे नाहीत, हा नियम. याच्या कामातलाच नियम आहे तो. जी लिफ्ट आपण स्वतः तळापासून वरपर्यंत चढून बघितली नाही, तिच्या दाखल्यावर सही करायची नाही. म्हणून 'तिथे' सगळं कोरं.

'इथे'मध्ये खर्चाला आठ दिले, राहणीमानाला सहा. सुरक्षिततेसमोर पेन्सिल धरून बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता दोन लिहिले.

मुलीने — वय दहा, आगाऊपणा चाळीस — खाली चौथी ओळ काढली: 'मजा'. इथे नऊ. तिथे प्रश्नचिन्ह.

शुक्रवार, ७ मार्च

आईचा फोन. आई दादाकडे असते, दुसऱ्या गावात, पण सकाळी सातला तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात हजर असतो. पत्राचं सांगितलं. आधी ते पूर्ण वाचून दाखवायला लावलं. मग, "दुरून डोंगर साजरे गं बाई." म्हटलं, म्हणूनच जवळ जाऊन बघणार आहोत, एक आठवडा. "आणि पोरीजवळ कोण राहणार?" — तू! — "म्हणजे डोंगर तुझा आणि चढायचा मी!"

अर्ध्या तासाने वहिनीचा मेसेज: आईंनी माळ्यावरून बॅग काढायला लावली आहे.

रविवार, ९ मार्च

आज लिहायचंच. त्या दोन गुणांबद्दल. घरात त्यावर कोणी बोलत नाही, निदान वहीत तरी असू दे.

चौदा महिने झाले. पोस्टाच्या मागच्या गल्लीतून गेलं की लॅब ते घर अकरा मिनिटं. त्या गल्लीतून मी डोळे मिटून चालले असते. संध्याकाळचे साडेसहा, अंधारही नीट पडलेला नव्हता. मागून मोटरसायकल, त्यावर दोघे. पर्स ओढली. पट्टा माझ्या खांद्यात अडकलेला, तो काही सुटेना. पंधरा-वीस पावलं मला फरपटत नेलं. खांदा मोडला, पट्टा नाही तुटला — एवढी दणकट पर्स मी आयुष्यात दुसरी घेतली नव्हती! मग एक जण खाली उतरला आणि घाई नसल्यासारखी सोडवून घेऊन गेला.

मी ओरडले. बेंबीच्या देठापासून ओरडले. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजल्यांच्या इमारती, आतून टीव्हीचे आवाज येत होते. एकही दार उघडलं नाही. कोणी आलं नाही. शेवटी माझी मीच उठले आणि एकाच पायात चप्पल, भिंतीला धरत धरत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. खांदा तीन महिन्यांत जुळला. ते दुसरं — मी ओरडत होते आणि कोणी आलं नाही — ते नाही जुळलं.

तेव्हापासून हा रोज सहाला लॅबखाली स्कूटर घेऊन उभा असतो. आम्ही लांबच्या रस्त्याने येतो. चौदा महिन्यांत मी एकटी कुठेही गेले नाही. कोपऱ्यावर ब्रेड आणायलासुद्धा नाही. बेचाळीस वर्षांची बाई, आणि पोटची पोर मला बोट धरून दुकानात नेते!

म्हणून एकदा स्वच्छ लिहून ठेवते. पगार नको, हुद्दा नको, असली सोज्वळ नाटकं नकोत. दोन्ही हवंय. पण सगळ्याच्या आधी मला रस्त्याने एकटीने चालायचंय. ते शहर मला ते देणार असेल तर बाकीचं बघून घेईन.

मंगळवार, ११ मार्च

तिथल्या घरभाड्यांचे आकडे आले. याने वाचले आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

शुक्रवार, १४ मार्च

आई आली. चपला काढायच्या आधी फ्रिजवरचा तक्ता वाचला. "एवढी चौकशी तर तुझ्या लग्नाच्या वेळी जावईबापूंची केली नव्हती आपण!" जावईबापू लाजून बॅगेचं वजन करत बसले.

उद्या विमान.  

रविवार, १६ मार्च

पोचलो. सहाव्या मजल्यावर खोली आहे, लॅबने घेऊन दिलेली. बॅगा दारात टाकून इन्स्पेक्टरसाहेब लिफ्टने चार वेळा वर-खाली करून आले. दाखला वाचला. दाराला कान लावला. परत येऊन म्हणाले, "दोर मस्त आहेत गं." एवढ्या प्रेमाने माझं कौतुक कधी केलं असेल तर शपथ!

दिवसभर पायपीट. तीन घरं बघितली. एकात फ्रिज उघडायचा तर माणसाने स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं. दुसऱ्यात खिडकी एकच, ती समोरच्याच्या खिडकीत. तिसरं चांगलं होतं, म्हणून भाडं ऐकून लगेच खाली उतरलो. खर्चाला याने जागेवर तीन गुण दिले. मी म्हटलं, चार दे. "तीनच. रडून गुण वाढत नाहीत."

पण रस्ते! रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की गाड्या थांबतात. पहिल्यांदा याला वाटलं गाडी बंद पडली, हा ढकलायला निघाला होता. बागेत संध्याकाळी एक बाई एकटीच बाकावर पुस्तक वाचत बसली होती, पर्स शेजारी, बाकावर, उघडी. मी त्या पर्सकडे इतका वेळ बघत राहिले की तिला माझाच संशय आला असेल.

सोमवार, १७ मार्च

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं आज.

माझा तो दात जिच्यासाठी केला होता त्या आजी आल्या होत्या. आयुष्यभर बस चालवलेल्या, आता निवृत्त, बासष्ट वर्षांच्या, हसऱ्या. दात तात्पुरता बसवला. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतच होते. तेवढ्यात लॅबच्या प्रमुख — त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात — आजींना हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, "आता बघा."

उजेडात बघितलं. बाकीचे दात बासष्टचे, माझा वीसचा. पेन्शनरांच्या बाकावर कॉलेजकुमार येऊन बसलाय! आजींनी आरसा घेतला, ओठ वर केला आणि त्यांना हसूच आवरेना. माझे कान लाल.

चूक काय झाली ते मला लगेच कळलं. सतरा वर्षं मी असेच दात करतेय. डॉक्टरची चिठ्ठी येते, त्यावर रंगपट्टीचा नंबर. त्या नंबरचा दात करायचा, टेबलावरच्या दिव्याखाली पट्टीशी ताडून बघायचा, डबीत घालायचा, की झालं. ज्याच्या तोंडात जायचा त्याचं तोंड आम्ही कधी बघितलेलंच नसतं. इथे तंत्रज्ञाला खुर्चीपाशी बोलावतात. पेशंटला उजेडात बसवून बाजूच्या दातांचं चित्र काढायचं — कुठे पिवळा, कुठे झिजलेला, कुठे बारीकशी चीर — आणि मग भट्टी पेटवायची.

मला वाटलं, आता म्हणतील, या, आभारी आहोत. मोठ्या बाई म्हणाल्या, "हातात दोष नाही तुमच्या. तुम्हाला तोंड कुणी दाखवलं नाही, एवढंच. गुरुवारपर्यंत नवा करा." आजींनी गालावर थोपटलं. त्यांच्यापुढे तासभर कागद-पेन्सिल घेऊन बसले. कधी नव्हे ती, कामावर असताना भूक लागल्याचं कळलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

लॅब साडेचारला सुटते. साडेचारला! लख्ख ऊन. खोली सरळ रस्त्यावर, बारा मिनिटं. याला ठणकावून सांगितलं होतं की न्यायला येऊ नकोस, हीच तर परीक्षा आहे.

दारातून बाहेर पडले. रुंद फुटपाथ, शाळेतून सुटलेली मुलं, सायकलवाल्या बायका. घाबरण्यासारखं काही म्हणता काही नाही. तरी मागून एक मोटरसायकल आली — पिझ्झावाला की कुरिअरवाला, कोण जाणे — आणि मी भिंतीला चिकटले.  परत लॅबच्या दारात जाऊन याला फोन लावला. हा वीस पावलांवरच्या बसस्टॉपमागे उभा होता. येऊ नकोस म्हटलं होतं ना! पण किती बरं वाटलं त्याला बघून.

इथे बसून आता वाटतंय, शहर सुरक्षित आहे हो, पण मी नाही ना! भीतीला व्हिसा लागत नाही. आली माझ्याबरोबर, माझ्याच सीटवर बसून. मग कशाला एवढा खटाटोप? घरदार सोडायचं, याने नोकरी सोडायची, पोरीची शाळा मोडायची — आणि इथेही हाच मला न्यायला येणार?

रडले. लिहिते आहे, कारण हाच तर प्रश्न आहे.

बुधवार, १९ मार्च

हा लिफ्टमध्ये अडकला!!

मी लॅबमध्ये होते. हा एकटा एक घर बघायला गेला होता, नवव्या मजल्यावरचं. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. दिवा गेला. संध्याकाळी मला सगळं सांगितलं, आणि सांगताना हा माणूस इतका हळू बोलत होता की मला आधी वाटलं, नक्की काहीतरी लपवतोय.

"अठरा वर्षं मी लिफ्ट तपासतोय. आत अडकलो आज पहिल्यांदा. सवयीने बेल दाबली. उपयोग नाही हे माहीत असून दाबली. आपल्याकडे ती बेल खाली वॉचमनच्या केबिनमध्ये वाजते, आणि केबिनमध्ये कोणी नसतं. आम्ही काय बघतो? बेल वाजते का. वाजली — फॉर्मवर बरोबरची खूण. ती कोणी ऐकतं का, असा रकानाच नाही गं आमच्या फॉर्मवर."

मग दहा सेकंदांत भिंतीतून एका बाईचा आवाज आला. नाव विचारलं. एकटे आहात का, श्वास नीट घेता येतोय का, विचारलं. म्हणाली, माणसं निघाली आहेत, चाळीस मिनिटं लागतील, तोवर मी बोलत राहते. आणि खरंच राहिली. याची मोडकीतोडकी भाषा, तिची घाईची. काय काम करता, म्हणून तिने विचारलं. हा म्हणाला, लिफ्ट तपासतो. ती इतकी हसली म्हणे, की हाही अंधारात हसायला लागला. दार उघडल्यावर, "ठेवू आता?" असं विचारून मगच तिने ठेवलं.

मी म्हटलं, बरा आहेस ना, चल, गुण कापून टाक, सुरक्षितता चार! याने वही काढली आणि 'तिथे'च्या रकान्यात नऊ लिहिले.

"अरे, अडकलास ना तू!"

"लिफ्ट अडकायचीच. कितीही चांगली असली तरी कधीतरी अडकणारच. बेल दाबल्यावर पलीकडून कोणी बोलतं का, ते बघायचं. आजवर चुकीचं तपासत आलो मी." आणि मग माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "आत उभा होतो तेव्हा सारखं वाटत होतं, तू ओरडलीस तेव्हा तुला हे मिळायला हवं होतं."



गुरुवार, २० मार्च

नवा दात बसला! कडेला पिवळट, टोकाला झिजलेला, मधोमध केसाएवढी चीर — एवढा म्हातारा दात मी जन्मात केला नव्हता. मोठ्या बाईंनी खिडकीत नेलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मलाच विचारलं, "यातला कुठला तुमचा?" आजी आरशात बघून मोठ्याने हसल्या, या वेळी दात दाखवून. जाताना मला जवळ घेतलं.

मी सतरा वर्षांत हजारो दात केले असतील. त्यातला एक हसताना आज पहिल्यांदा बघितला.

शुक्रवार, २१ मार्च

बेकरीपर्यंत एकटी गेले आणि परत आले. शंभर पावलं जाताना, शंभर येताना. मोजली. हा दारात उभा होता, पण दारातच!

सोमवार, २४ मार्च

परत आलो. पोरगी गळ्यात, आई तक्रारीत ("तिने मला मोबाइलवर पत्ते खेळायला शिकवलं, आता मान दुखते").

आज भांडण झालं. मूळ कारण याची नोकरी. याचं इथलं लायसन्स तिथे चालत नाही. परीक्षा द्यायची, आणि ती होईपर्यंत वर्षभर कोणाच्या तरी हाताखाली शिकाऊ म्हणून. चव्वेचाळिसाव्या वर्षी याने दुसऱ्याचे पाने-पकड धरायचे! ज्याच्या सहीशिवाय इथे अख्ख्या इमारती अडून राहतात! मी म्हटलं, मला असले उपकार नकोत. उद्या तिथे काही बिनसलं की आयुष्यभर ऐकवशील. तो म्हणाला, कधी ऐकवलंय? मी म्हटलं, न बोलताच ऐकवतोस. झालं! शब्दाने शब्द वाढला. आई पोरीला घेऊन गॅलरीत गेली, म्हणजे नीट ऐकू यावं म्हणून दार उघडं ठेवून.

मग हा एकदम खाली बसला. म्हणाला, "त्या संध्याकाळी दवाखान्यातल्या फोनवरून तू मला सात वेळा फोन केलास. मी लिफ्टच्या खड्ड्यात होतो, तळाला. तिथे रेंज नसते. वर आलो तर सात मिस्ड कॉल. रोज सहाला तुझ्या लॅबखाली येऊन उभा राहतो ना, ते तुझ्यासाठी नाही गं. माझ्यासाठी. मला घरी बसवत नाही." पुढे म्हणाला, "शिकाऊ तर शिकाऊ. तिथल्या बेला कशा जोडतात ते शिकायचंय मला. उपकार नाहीत. खरंच शिकायचंय."

चौदा महिने एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी समजत होते, लंगडी फक्त मीच पडलेय. त्याच्या केसांतून हात फिरवला. केस कापायला आलेत.

गुरुवार, २७ मार्च

आज घरात मतमोजणी. इथे: सुरक्षितता दोन, खर्च आठ, राहणीमान सहा — सोळा. तिथे: नऊ, तीन आणि राहणीमानाला (साडेचारला सुटते!) सात — एकोणीस. इन्स्पेक्टरसाहेब खुशीत. तेवढ्यात आगाऊबाई म्हणाल्या, "आणि माझी ओळ?" इथल्या मजेचे नऊ धरले — पंचवीस! तिथल्या प्रश्नचिन्हापुढे पेन्सिल घेऊन तिने विचार केला. मैत्रिणी सगळ्या इथे. भाषा येत नाही. पण बाबा अडकला तशी लिफ्ट बघायला मिळेल. "सहा. बर्फ पडला तर वाढवीन."

एकोणीस आणि सहा, पंचवीस. बरोबरी!

आई म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तिला जायचंय की नाही, ते तिला विचारा. फ्रिजला काय विचारताय?" याने मुकाट्याने तक्ता काढला. फ्रिज उगाच उघडाबोडका दिसतोय.

रविवार, ३० मार्च

विचारलं याने. चहा पुढ्यात ठेवून, साधंच. "तुला काय वाटतं?"

मला जायचंय. भीती जाईल म्हणून नाही. ती येणार आहेच बरोबर, ते कळून चुकलंय. जायचंय ते खिडकीतल्या उजेडासाठी, ज्यांचे दात करते त्यांची तोंडं बघण्यासाठी. आणि ओरडलं तर कोणीतरी येईल अशा ठिकाणी आपली पोर मोठी व्हावी म्हणून. घर लहान असेल, महिनाअखेर ओढाताण असेल, याला कोणीतरी 'ए शिकाऊ' म्हणेल. बघू. पोरीला वर्षभर एकटं वाटेल, हे मात्र छातीत टोचतं. तेही लिहून ठेवते.

आई म्हणाली, "जा. मी दादाकडे आहेच. फक्त सकाळी सातचा फोन तुमच्या घड्याळाने की माझ्या, ते आत्ता ठरवा." माझ्या, असं तिनेच ठरवून टाकलं.

सोमवार, ३१ मार्च

कळवलं. 'हो.' एवढासा शब्द, पण पाठवण्याआधी घरातल्या चारही जणांनी तपासला.

बुधवार, २ एप्रिल

लॅबमध्ये राजीनामा दिला. मालक आधी रागावले, मग म्हणाले, तिथल्या रंगपट्ट्या मिळाल्या तर एक पाठवा. मी म्हटलं, पट्टी नको साहेब, लॅबला एक खिडकी पाडा.

जायच्या आधी एक गोष्ट करायची. त्या गल्लीतून एकदा चालत यायचं. जमलं तर जमलं. नाहीतर तिकडच्या प्रत्येक रस्त्यात मला तीच गल्ली दिसत राहील. याला सांगितलं.  याने एवढंच विचारलं, "कधी?"

शुक्रवार, ४ एप्रिल

चालत आले. एकटी. हा घरीच थांबला होता, कबूल केल्याप्रमाणे.

गल्ली अर्धी झाली आणि वरून हाक, "अगं ए! थांब, जाऊ नकोस!" पळणारच होते. मान वर केली तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक म्हातारी, एकटी. आत गेली. मग जिन्यातून काठीचा आवाज. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची पायरी. सहा-सात मिनिटं लागली तिला. खाली आली तेव्हा घामाने भिजली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चप्पल. डाव्या पायाची. माझी.

"त्या दिवशीही आले होते गं," म्हणाली. "वरून ओरडले, तुला ऐकू नसेल गेलं. मग निघाले. गुडघे हे असे मेले. खाली पोचले तर तू नव्हतीस, ही पडली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी बघते, कधीतरी जाशील इथून."

 तिला धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडून आले. घरी पोचायला उशीर झाला.